उष्णतेचा हिशेब मांडणारा संशोधक : विल्यम कूलिज

न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या शहरात ३ फेब्रुवारी १९७५ रोजी विल्यम डेव्हिड कूलिज यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची १०१ वर्षे पूर्ण केली होती. क्ष-किरणांच्या नळीवर काम करण्यात ज्यांची हयात गेली, अशा माणसाला इतके दीर्घायुष्य लाभावे ही गोष्ट त्या क्षेत्राचा आरंभीचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांना विशेष वाटेल. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील क्लॅरेन्स डॅली हा काचकामात निष्णात असलेला साहाय्यक १९०४ साली, वयाची चाळिशी गाठण्याआधीच, क्ष-किरणांनी झालेल्या जखमा आणि त्यांतून उद्भवलेल्या कर्करोगामुळे मरण पावला. त्यापूर्वी त्याचे हात कापावे लागले होते. त्या धक्क्याने एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम सोडून दिले. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९३६ साली एक स्मारकशिला उभारण्यात आली. क्ष-किरण आणि रेडियम यांच्याशी काम करताना प्राण गमावलेल्या शंभराहून अधिक जणांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत.

डॅलीचा मृत्यू आणि कूलिज यांचे शतायुष्य या दोहोंच्या दरम्यान क्ष-किरणांची नळी पार बदलून गेली. लहरी, बेभरवशाची, तापली की स्वभाव पालटणारी काचेची नळी मोजूनमापून वापरता येईल असे साधन बनली. हा बदल घडवणाऱ्यांत कूलिज यांचे नाव अग्रस्थानी आहे. या बदलाच्या मुळाशी एकच प्रश्न होता. नळीत निर्माण होणारी उष्णता किती, ती कोठे साठते आणि कोठून बाहेर पडते?

कूलिज यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८७३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन या गावाजवळच्या एका छोट्या शेतघरात झाला. वडील जोडे बनवण्याच्या कारखान्यात काम करीत आणि उरलेल्या वेळात शेती पाहत. आई घरी बसून लोकांचे कपडे शिवून देई. विल्यम हे त्यांचे एकुलते एक अपत्य. एकाच खोलीत सर्व इयत्ता भरणाऱ्या गावच्या शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे माध्यमिक शाळेत असताना घरच्या परिस्थितीकडे पाहून त्यांनी शिक्षण सोडले आणि रबरी कपडे तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. काही काळातच तेथे आपले भवितव्य नाही हे त्यांनी ओळखले आणि ते पुन्हा वर्गात जाऊन बसले. मागे पडलेला अभ्यास त्यांनी भरून काढला. राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्याने १८९१ साली त्यांना बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश घेता आला. मधले एक वर्ष आजारपणात गेले, तरी १८९६ साली ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

आदल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. काही महिन्यांतच या किरणांची वार्ता जगभर पसरली. राँटगेन यांनी त्यावर पेटंट घेतले नाही. त्यामुळे ज्याच्यापाशी निर्वात केलेली काचेची नळी आणि उच्च दाबाचे वेटोळे होते, असा प्रत्येक प्रयोगकर्ता स्वतःच्या हाताची हाडे पाहू लागला. तरुण कूलिज हे या उत्साहाच्या लाटेतच शिकून बाहेर पडले. त्यानंतर ते जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात गेले, पाउल ड्रूडे यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकांच्या हाताखाली शिकले आणि १८९९ साली डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले. परदेशी शिक्षणासाठी काढलेले कर्ज पुढे बरीच वर्षे त्यांच्या डोक्यावर होते. बॉस्टनला आर्थर नॉइस या रसायनशास्त्रज्ञांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले. उच्च तापमानाला द्रावणांतून वीज कशी वाहते, हा त्या कामाचा विषय. तापमान काटेकोर राखणे आणि मोजणे यांची सवय त्यांना तेथे जडली आणि ती जन्मभर उपयोगी पडली.

१९०५ साली विलिस व्हिटनी यांनी त्यांना स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत बोलावून घेतले. कंपनीपुढे तेव्हा विजेच्या दिव्याचा प्रश्न होता. दिव्यातील कार्बनचा तंतू फार वीज खाई आणि उजेड कमी देई. तंतू जितका अधिक तापेल तितका उजेड अधिक मिळतो. परंतु तितका ताप सोसणारा पदार्थ हवा. टंगस्टन हा धातू ३,४०० अंश सेल्सिअसच्याही वर गेल्याशिवाय वितळत नाही. सर्व धातूंमध्ये हा वितळणांक सर्वोच्च आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीतील संशोधकांनी १९०४ च्या सुमारास टंगस्टनची भुकटी बांधून तिचे तंतू तयार केले होते. त्यांचा उजेड उत्तम होता, पण तंतू इतके ठिसूळ की दिवा हादरला तरी तुटावेत. टंगस्टनची तार ओढता येणार नाही, तो स्वभावतःच ठिसूळ धातू आहे, असे जाणकारांचे मत होते.

सोनार भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून सोन्याची तार ओढतो, तेव्हा प्रत्येक भोकागणिक ती बारीक होत जाते. टंगस्टनच्या बाबतीत हे घडेना. कूलिज यांनी या एका धातूसाठी सुमारे चार वर्षे दिली. अनेक रसायनतज्ज्ञ आणि साहाय्यक त्यांच्यासोबत राबत होते. तारा ओढणारे आणि सुया बनवणारे कारखाने त्यांनी हिंडून पाहिले, तेथील ठोकणीची यंत्रे पाहिली आणि त्यांतले एक तंत्र प्रयोगशाळेत आणले. शुद्ध टंगस्टनची भुकटी दाबून तिची कांडी करायची, त्या कांडीतून वीज सोडून ती वितळणांकाच्या जवळपास तापवायची, मग ती तप्त असतानाच सर्व बाजूंनी ठोकून लांबवायची आणि शेवटी हिऱ्याच्या छिद्रांतून ओढायची, असा क्रम त्यांनी बसवला. प्रत्येक टप्प्यावर तापमान थोडेथोडे उतरवत नेणे ही त्यातील खरी किल्ली होती. बहुतेक धातू थंड स्थितीत ठोकले की कडक होतात आणि तडकतात. टंगस्टन मात्र ठरावीक तापमानाच्या खाली ठोकत नेला की त्याचे कण लांबट तंतूंसारखे होतात, आणि अखेरीस थंड असतानाही तो लवचीक राहतो. १९१० मध्ये हे साधले. पुढच्याच वर्षी अशा तारेचे दिवे बाजारात आले. एलईडी दिवे येईपर्यंत आपल्या घराघरांत जळणारा साधा बल्ब याच तारेवर उभा होता.

लवचीक टंगस्टन हाती येताच कूलिज यांचे लक्ष क्ष-किरणांच्या नळीकडे वळले. या नळीचे कार्य समजण्यास कठीण नाही. एका टोकाला ऋणाग्र, दुसऱ्या टोकाला धनाग्र आणि दोहोंमध्ये हजारो व्होल्टचा दाब. ऋणाग्राकडून निघालेले इलेक्ट्रॉन वेगाने धावत धनाग्रावरील लक्ष्यावर आदळतात. ७० किलोव्होल्टचा दाब असेल, तर आदळताना त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळजवळ निम्मा असतो. त्या धडकेतून क्ष-किरण निघतात. परंतु धडकेतील फारच थोडी ऊर्जा किरणांच्या वाट्याला येते. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या दाबांना हे प्रमाण शंभरात एक भागही भरत नाही. उरलेले नव्याण्णवांहून अधिक भाग लक्ष्याला तापवण्यात खर्ची पडतात. व्यवहारी नजरेने पाहिले, तर क्ष-किरणांची नळी ही एक शेगडी आहे आणि तिच्यातून जाता जाता थोडे किरण बाहेर पडतात.

जुन्या नळ्यांतील लक्ष्य बहुधा प्लॅटिनमचे असे. प्लॅटिनम १,७६८ अंशांना वितळतो, म्हणून थोडा जास्त प्रवाह सोडला की लक्ष्याला भोक पडे. कूलिज यांनी तेथे भरीव टंगस्टन बसवला. हा धातू ताप सोसतो, उच्च तापमानालाही त्याची वाफ फारशी होत नाही, आणि त्याचा अणुक्रमांक ७४ असल्यामुळे किरणही चांगले निघतात. केवळ या बदलाने नळी अधिक भार पेलू लागली.

तरीही मोठे दुखणे शिल्लक होते. जुन्या नळीत थोडा वायू मुद्दाम ठेवावा लागे. त्या वायूचे विद्युतभारित कण ऋणाग्रावर आपटून तेथून इलेक्ट्रॉन मोकळे करीत. नळी तापली की काचेतून आणि धातूतून वायू सुटे. नळी थंड झाली किंवा जुनी झाली की तो शोषला जाई. वायू कमीजास्त होताच प्रवाह बदले, दाब बदले आणि किरणांची भेदकताही बदले. सकाळी चांगले चित्र देणारी नळी दुपारी वेगळेच वागे. किरण आज किती भेदक आहेत हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणून अनेक डॉक्टर आणि तंत्रज्ञ स्वतःचाच हात नळीसमोर धरीत. दिवसातून कितीदा आणि किती वर्षे, याची मोजदाद कोण ठेवणार? बोटांवर आधी लाली आणि भेगा येत, मग न भरणाऱ्या जखमा होत आणि शेवटी बोटे कापण्याची पाळी येई. नळीतील उष्णतेचा हिशेब न लागण्याची किंमत माणसे अशा रीतीने आपल्या देहाने मोजीत होती.

स्केनेक्टडीच्या त्याच प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर हे तापलेल्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास करीत होते. तार पुरेशी तापलेली असेल, तर जवळजवळ संपूर्ण निर्वातातही तिच्यातून इलेक्ट्रॉन निघत राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. कूलिज यांनी या गोष्टीचे मोल तत्काळ ओळखले. वायूवर विसंबायचे कारणच उरले नाही. त्यांनी ऋणाग्राच्या जागी टंगस्टनच्या तारेचे लहान वेटोळे ठेवले, समोर टंगस्टनचे भरीव लक्ष्य ठेवले, काच आणि धातू दोन्ही तापवून त्यांत दडलेला वायू उपसून काढला आणि नळी बंद केली. १९१२ च्या अखेरीस अशी नळी काम करू लागली. १९१३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी तिचा शास्त्रीय वृत्तांत प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ लुइस ग्रेगरी कोल यांनी ती आपल्या रुग्णांसाठी वापरून पाहिली, आणि लवकरच वैद्यकीय जगात ती कूलिज नळी या नावानेच ओळखली जाऊ लागली.

या नळीने चालकाच्या हाती दोन स्वतंत्र किल्ल्या दिल्या. तार किती तापवायची यावर प्रवाह ठरू लागला. दोन टोकांमधील दाब किती ठेवायचा यावर किरणांची भेदकता ठरू लागली. एक बदलताना दुसरी आपोआप बदलत नसे. काल घेतलेले चित्र उद्या त्याच मापांनी पुन्हा घेता येऊ लागले. रुग्णाला किती किरण मिळाले हे सांगता येऊ लागले. नळी पारखण्यासाठी स्वतःचा हात पुढे करण्याची गरज संपली. क्ष-किरणांपासून बचाव करण्याचे नियम, शिशाचे पडदे, मात्रेची एकके हे सारे पुढे अनेकांच्या प्रयत्नांतून आले. मात्र नळीच भरवशाची नसती, तर त्या नियमांना आणि एककांना पाया मिळाला नसता.

आता उष्णतेच्या हिशेबाकडे वळू. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येण्यासारखा आहे. विद्युतदाब किलोव्होल्टमध्ये, प्रवाह मिलिअँपिअरमध्ये आणि वेळ सेकंदांत घेऊन तिघांचा गुणाकार केला की ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. दाब सतत सारखा राहतो एवढे मात्र गृहीत धरावे लागते. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत दाब लाटेसारखा चढतो आणि उतरतो, म्हणून तेथे दाबाचा सर्वोच्च आकडा घेऊन आलेल्या गुणाकाराला उष्णता-एकक म्हणत. असे एक एकक ज्यूलच्या सुमारे तीनचतुर्थांश भरते.

समजा, मोरजीच्या किनाऱ्यावर होडी ओढताना पाय मुरगळलेला एक मच्छीमार तुये, पेडणे किंवा म्हापशाला एक्स-रे काढण्यासाठी गेला. यंत्रावर ७० किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि सेकंदाचा दहावा भाग अशी मापे लावली आहेत. गुणाकार आला ७०० ज्यूल. त्यांतील जेमतेम ४ ज्यूल क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतील आणि बाकीची सारी उष्णता होईल. ७०० ज्यूल म्हणजे फार नव्हे. पेलाभर पाण्याचे तापमान त्याने एका अंशानेही वाढणार नाही. पण ही उष्णता पेल्यात पडत नाही. ती लक्ष्यावरील काही चौरस मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडते, कारण ठिपका जितका लहान तितके चित्र रेखीव. ४ चौरस मिलिमीटरच्या ठिपक्याखालील एक मिलिमीटर जाडीच्या थरातच ती सारी कोंडून राहिली असती, तर टंगस्टनच्या त्या कणाचे तापमान हिशेबाने ६० हजार अंशांच्या पलीकडे गेले असते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप कळते. लक्ष्य वितळत नाही, ते केवळ उष्णता आतल्या धातूत झपाट्याने पसरते म्हणून. आणि ती पसरण्याची व्यवस्था माणसाला आधी हिशेब करून ठेवावी लागते.

या व्यवस्थेच्या तीन पायऱ्या आहेत. पावसाळ्यात छपरावर पडणारे पाणी पन्हाळीतून टाक्यात येते आणि टाके भरले की व्हाळाकडे जाते. पन्हाळ अरुंद असेल तर एकाच जोरदार सरीने पाणी उसळून घरात येईल. टाके लहान असेल तर सरींमागून सरी आल्यावर ते भरून वाहील. व्हाळच तुंबला असेल तर अंगणात तळे होईल. नळीचेही तसेच आहे. एका चित्रात ठिपक्याला किती उष्णता सोसेल, ही पहिली मर्यादा. लागोपाठ चित्रे घेताना संपूर्ण धनाग्र किती उष्णता साठवू शकेल, ही दुसरी. साठलेली उष्णता बाहेरच्या तेलाकडे आणि हवेकडे दर मिनिटाला किती वेगाने जाईल, ही तिसरी. लागोपाठ बरीच चित्रे काढल्यावर तंत्रज्ञ कधी कधी काही काळ थांबतो, ते या तिसऱ्या मर्यादेमुळे. बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांना तो उगाच वेळकाढूपणा वाटतो. आत त्या वेळेत धनाग्र निवत असते.

कूलिज यांच्या पहिल्या नळ्यांत भरीव टंगस्टनचे लक्ष्य तापून लालभडक होई आणि आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकी. प्रारणाचा नियम असा की निरपेक्ष तापमान दुप्पट झाले तर बाहेर पडणारी उष्णता सोळापट होते. त्यामुळे लक्ष्य जितके तापे तितके ते स्वतःला अधिक वेगाने निववी. मात्र यात एक अडचण होती. घरगुती वीज क्षणोक्षणी दिशा पालटते. लक्ष्य लालबुंद असताना उलट दिशेचा दाब आला की तापलेल्या लक्ष्यातूनच इलेक्ट्रॉन निघून ते ऋणाग्राच्या नाजूक तारेवर आदळत आणि तार निकामी होई. म्हणून उलट प्रवाह अडवणारे अवजड यंत्र जोडावे लागे.

पहिल्या महायुद्धात ही अडचण प्राणांवर बेतणारी ठरली. जखमी सैनिकाच्या अंगातील गोळी कोठे आहे हे रणभूमीच्या जवळच्या तंबूत समजायला हवे होते, आणि तेथे अवजड यंत्रे नेणे शक्य नव्हते. कूलिज यांनी यावर काढलेला तोडगा पूर्णपणे उष्णतेच्या हिशेबावर उभा होता. त्यांनी टंगस्टनची छोटी चकती तांब्याच्या जाड दांड्यात बसवली आणि दांड्याचे दुसरे टोक नळीबाहेर काढून त्याला धातूचे पंखे लावले. तांबे उष्णता टंगस्टनच्या दुपटीहून अधिक सुलभतेने वाहून नेते. लक्ष्यावरची उष्णता दांड्यातून पंख्यांकडे आणि तेथून हवेत जाई. लक्ष्य इतके निवांत राही की उलट दाबाच्या वेळी त्यातून इलेक्ट्रॉन निघतच नसत, आणि नळी स्वतःच उलट प्रवाह अडवी. अवजड यंत्राची गरज संपली. पेट्रोलवर चालणारे छोटे जनित्र, एक रोहित्र आणि ही नळी एवढ्यावर फिरते क्ष-किरण केंद्र उभे राहिले आणि अमेरिकी सैन्याने ते युद्धात नेले. त्यानंतरच्या दशकात त्यांनी नळी आणि रोहित्र दोन्ही तेलाच्या बंद पेटीत ठेवले. तेल उष्णताही वाहून नेई आणि विजेचा धक्काही टाळी. दातांच्या डॉक्टरांच्या खोलीत क्ष-किरण यंत्र निर्धास्तपणे ठेवता येऊ लागले, ते अशा बांधणीमुळे.

एक उपाय मात्र कूलिज यांच्या हातून पूर्णत्वाला गेला नाही. ठिपका एकाच जागी का तापवायचा, लक्ष्यच फिरते ठेवले तर? डिचोलीचा कुंभार चाक फिरवतो तेव्हा त्याचे बोट एकाच ठिकाणी असते, पण सगळा गोळा त्याखालून सरकत जातो. लक्ष्याची तबकडी तशी फिरवली की इलेक्ट्रॉनांचा मारा एका ठिपक्याऐवजी संपूर्ण वर्तुळावर वाटला जातो. कूलिज यांनी फिरत्या लक्ष्याचे प्रयोग केले होते. परंतु निर्वात नळीच्या आत, तेलाचा थेंबही न घालता, तापलेली तबकडी फिरती ठेवणारी व्यवस्था त्या काळी टिकाऊ करणे दुष्कर होते. १९२९ च्या सुमारास हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या अल्बर्ट बाउअर्स यांनी ती व्यवहारात आणली. ५० हर्ट्झच्या विजेवर अशी तबकडी मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. सेकंदाच्या दहाव्या भागात पाच. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ४० मिलिमीटर धरली, तर परीघ २५० मिलिमीटरांच्या आसपास येतो. दोन मिलिमीटरांच्या ठिपक्यावरचा भार सव्वाशे पट जागेवर पसरतो. आजच्या सीटी स्कॅन यंत्रात १२० किलोव्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर १० सेकंद चालले, तर गुणाकार २ लाख ४० हजार ज्यूल होतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ८७ अंशांपर्यंत तापवण्यास ही ऊर्जा पुरेशी आहे. फिरत्या तबकडीवाचून ते शक्य झाले नसते. आणि त्या तबकडीचा पृष्ठभाग आजही प्रामुख्याने टंगस्टनचाच असतो.

कूलिज यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९१४ साली अमेरिकन कला व विज्ञान अकादमीने त्यांना रमफर्ड पारितोषिक दिले. उष्णता आणि प्रकाश यांवरील संशोधनासाठी ठेवलेले हे पारितोषिक त्यांच्याइतके क्वचितच कोणाला शोभले असेल, कारण त्यांच्या हातच्या एकाच धातूने दिव्याला प्रकाश दिला आणि नळीतील उष्णता पेलली. त्याच सुमारास त्यांच्या खासगी जीवनावर मोठा आघात झाला. १९१५ साली त्यांच्या पत्नी एथेल यांचे निधन झाले. दोन लहान मुले मागे राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी डोरोथी मॅकहॅफी यांच्याशी विवाह केला.

त्यांच्या स्वभावाची खरी ओळख एका न्यायालयीन निकालाच्या प्रसंगी पटते. लवचीक टंगस्टनचे पेटंट त्यांच्या नावे १९१३ च्या अखेरीस मंजूर झाले होते. पुढे त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. लवचीकपणा हा शुद्ध टंगस्टनचा निसर्गदत्त गुण आहे, तो कोणाचा शोध होऊ शकत नाही, अशा भूमिकेतून पेटंटातील महत्त्वाचे दावे फेटाळले गेले, आणि १९२८ साली वरिष्ठ न्यायालयानेही तोच कौल दिला. १९२६ सालचे एडिसन पदक अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना देऊ केले होते. ज्या कामासाठी पदक मिळत आहे त्याचे पेटंटच न्यायालयाने अमान्य केले असेल, तर ते पदक आपण घेणे योग्य नव्हे, असे मानून त्यांनी ते नाकारले. धातूचा गुण निसर्गाचा होता हे खरे. परंतु तो गुण उघड करण्यासाठी लागलेली चार वर्षे, शेकडो फसलेल्या कांड्या आणि तापमानाचा एकेक टप्पा शोधण्याचे कष्ट माणसांचेच होते. त्यांनी त्याबद्दल वाद घातला नाही. संस्थेने १९२७ सालचे पदक पुन्हा त्यांनाच देऊ केले, तेव्हा विजेचे दिवे आणि क्ष-किरण या क्षेत्रांतील एकूण कार्यासाठी ते त्यांनी स्वीकारले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले.

दरम्यान त्यांचे काम थांबले नव्हते. एकामागे एक नळ्या जोडून त्यांनी अधिकाधिक उच्च दाब गाठला. १९३१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी सुमारे ९ लाख व्होल्टचे यंत्र बसले, ते याच वाटेने. १९३२ साली, महामंदीच्या ऐन काळात, ते जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधनशाळेचे संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धात युरेनियमच्या लष्करी उपयोगाचा विचार करणाऱ्या समितीवर त्यांनी काम केले. १९४४ च्या अखेरीस ते निवृत्त झाले, पण प्रयोगशाळेशी त्यांचे नाते तुटले नाही. प्रवास आणि छायाचित्रण हे त्यांचे छंद होते. एकूण ८३ पेटंटे त्यांच्या नावावर जमा झाली.

कूलिज यांच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट लक्षात राहते. नळीतील उष्णता नाहीशी करण्याचा दावा त्यांनी कधी केला नाही, कारण ती नाहीशी होऊच शकत नाही. तिला कोणत्या धातूत उतरवायचे, कोणत्या दांड्यातून वाहू द्यायचे, कोणत्या तेलात निववायचे, याचा मार्ग त्यांनी आखून दिला. तारेला तापवून त्यांनी इलेक्ट्रॉन मिळवले, नळीला तापवून तिच्यातील वायू हुसकला आणि लक्ष्याला तापण्यापासून वाचवले. एकाच उष्णतेशी त्यांनी तीन ठिकाणी तीन वेगवेगळे व्यवहार केले आणि तिन्ही चोख ठेवले.

आजची यंत्रे हा हिशेब स्वतः करतात. मापे लावताच आतील संगणक गुणाकार करतो, धनाग्रात आधीची किती उष्णता शिल्लक आहे हे पाहतो आणि मर्यादा ओलांडली जाणार असेल तर चित्र घेऊच देत नाही. चालकाने बटण दाबले तरी यंत्र गप्प राहते. डॅलीच्या काळी नळी अशी कधीच थांबत नव्हती; माणसाचे हात थकेपर्यंत ती किरण फेकीत राहिली. ती दोन दशकांच्या आत मोजमापाच्या शिस्तीत आली, याचे श्रेय त्या शेतघरातून आलेल्या आणि धातूच्या कांड्या तापवत बसलेल्या माणसाकडे जाते. हॅम्बुर्गच्या त्या शिलेवर पुढे आणखी किती नावे कोरावी लागली असती, याचा विचार केला की कूलिज यांच्या हिशेबाचे मोल कळते.